तारीख आधी की तयारी आधी?

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांमध्ये परीक्षेचा अभ्यास कसा करावा याविषयी फारसे कोणी विचारलेले नाही. बहुतेकांना प्रवेशपरीक्षा केव्हा द्यावी हा प्रश्न पडला आहे. वर्षातून एकदाच होणाऱ्या परीक्षेत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तारीख ठरवणारे दुसरेच कोणी असते. जीमॅट ही व्यवस्थापन शिक्षणाची आणि जीआरई ही एकूणच पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेशपरीक्षा; या दोन्हींचे तसे नाही. त्या जवळजवळ वर्षभर कधीही देता येतात, आणि हे स्वातंत्र्यच अनेकांना अडचणीत आणते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ३ वर्षांपासून नोकरी करतो. पुढच्या वर्षी सप्टेंबरमधल्या पहिल्या फेरीत पूर्णवेळ एमबीएसाठी अर्ज करण्याचा विचार आहे. काही मित्रांच्या मते ऑगस्टमध्ये जीमॅट दिली तरी चालते. मला मात्र संपूर्ण अभ्यासक्रम हातावेगळा झाल्याशिवाय तारीख घ्यावीशी वाटत नाही. मी काय करावे?

तुमच्या मित्रांचे म्हणणे नियमात बसते. व्यवहारात ते तोट्याचे ठरते. परीक्षेची तारीख आजपासून पुढे मोजत न जाता अर्जाच्या अंतिम तारखेपासून मागे मोजत यावी, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. बहुतेक मोठ्या संस्थांची पहिली फेरी सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बंद होते, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला आणि तिसरी साधारण मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे ऑगस्ट हा निबंध लिहिण्याचा, ते फाडून पुन्हा लिहिण्याचा आणि शिफारसपत्र देणाऱ्या वरिष्ठांच्या मागे लागण्याचा महिना असतो. त्यातच परीक्षा दिली आणि गुण मनासारखे पडले नाहीत, तर दुसऱ्या प्रयत्नासाठी किमान १६ दिवस थांबावे लागते, आणि तो प्रयत्न नेमका अर्ज भरण्याच्या आठवड्यात येऊन पडतो. मग परीक्षाही अर्धवट होते आणि निबंधही.

म्हणून पहिला प्रयत्न मे किंवा जूनमध्ये करावा आणि जुलैचा महिना दुसऱ्या प्रयत्नासाठी मोकळा ठेवावा. तो लागला नाही तर तेवढाच वेळ निबंधांना मिळेल. नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी थोडे अधिक असा अभ्यास होणार असेल, तर ३ ते ४ महिने धरावेत. म्हणजे सुरुवात जानेवारी-फेब्रुवारीत व्हायला हवी. या महिन्यांचे कोष्टक आखताना कार्यालयाचे वेळापत्रक शेजारी ठेवा. ज्या पंधरवड्यात वार्षिक हिशेब मिटवायचे असतात, मोठा प्रकल्प ग्राहकाच्या हाती द्यायचा असतो किंवा घरातले एखादे कार्य ठरलेले असते, त्या पंधरवड्यात अभ्यास होत नाही हे आधीच मान्य केलेले बरे.

आता अभ्यासक्रम संपण्याविषयी. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचे जे नवे रूप आले, त्यात अभ्यासक्रम असा फारसा उरलेलाच नाही. क्वांटिटेटिव्ह म्हणजे गणिताच्या विभागातून भूमिती गेली, व्हर्बल म्हणजे भाषेच्या विभागातून वाक्यदुरुस्ती गेली आणि निबंधाची प्रश्नपत्रिकाही गेली. उरले ते ४५-४५ मिनिटांचे ३ विभाग : क्वांटिटेटिव्हचे २१ प्रश्न, व्हर्बलचे २३ आणि डेटा इनसाइट्सचे, म्हणजे तक्ते व माहिती वाचून उत्तर काढण्याचे, २०. सव्वादोन तासांत परीक्षा आटोपते आणि गुण २०५ ते ८०५ या श्रेणीत मिळतात. अंकगणित आणि बीजगणित तुम्ही शाळेतच शिकलेले आहात. परीक्षा तपासते ते हे, की दोन-सव्वादोन मिनिटांत प्रश्न कोणत्या वाटेने सोडवायचा आणि कोणता सोडून द्यायचा याचा निर्णय तुम्हाला घेता येतो का. ही गोष्ट ‘पूर्ण’ होत नसते. त्यामुळे सगळे झाल्यावर तारीख घेऊ, असे म्हणणाऱ्याची तारीख सहसा येतच नाही.

एका उमेदवाराची वही आम्ही पाहिली होती. पहिल्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात परीक्षेची तारीख पेन्सिलीने लिहिलेली होती, आणि ती खोडून पुन्हा लिहिण्याच्या नादात तेथला कागद इतका झिजला होता की मागच्या पानावरचे समीकरण त्यातून दिसत होते. त्याची तयारी कच्ची नव्हती. आपली तयारी कशावर मोजायची, हे मात्र त्याने कधी ठरवलेलेच नव्हते.

मोजण्यासाठी साधन हाताशी आहे. जीमॅट घेणाऱ्या संस्थेच्याच २ अधिकृत सराव चाचण्या विनामूल्य मिळतात. त्यांतली पहिली अभ्यासाच्या सुरुवातीला, काहीही न वाचता द्यावी. दुसरी साधारण दोन-अडीच महिन्यांनी द्यावी, आणि ती तुमच्या लक्ष्याच्या ४०-५० गुणांच्या आत आली की पुढच्या ४ ते ६ आठवड्यांतली तारीख पक्की करून टाकावी. हे आकडे म्हणजे परीक्षेचा नियम नाही, तो आमचा अंदाज आहे. पण ‘मन तयार होईल तेव्हा’ या मापापेक्षा तो बराच भरवशाचा आहे. तारीख बदलण्याचे शुल्क परीक्षेचा दिवस जवळ येत जाईल तसे वाढत जाते, एवढे लक्षात ठेवून तारीख घ्या.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. एमबीए ४-५ वर्षे नोकरी केल्यानंतरच करायचे ठरवले आहे. परीक्षा आताच देऊन ठेवावी की नोकरीत रुळल्यावर द्यावी?

जीमॅट आणि जीआरई या दोन्हींचे गुण परीक्षेच्या दिवसापासून ५ वर्षे ग्राह्य धरले जातात, आणि तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या एका आकड्यात आहे. समजा, तुम्ही पदवी परीक्षा संपवून जून २०२६ मध्ये जीमॅट दिलीत. ते गुण जून २०३१ पर्यंत चालतील. म्हणजे २०३० च्या सप्टेंबरमधली पहिली फेरी आणि जानेवारी २०३१ मधली दुसरी फेरी या दोन्हींना ते उपयोगी पडतील, आणि तोवर तुमच्या गाठी ४ वर्षांहून अधिक अनुभव जमा झालेला असेल. पूर्णवेळ एमबीएच्या वर्गात साधारण तेवढाच अनुभव असलेली मंडळी असतात. मात्र नोकरीत बढती मिळाली, बदली झाली, मन रमले आणि अर्ज आणखी एक वर्ष पुढे गेला, की हेच गुण बाद होतील. तेव्हा ५ वर्षे करणार असाल तर काटा अगदी जवळ आहे, आणि ३ किंवा ४ वर्षांत जाणार असाल तर भरपूर मोकळीक आहे.

आता परीक्षा देण्याच्या बाजूने मोठे कारण म्हणजे अभ्यासाची बैठक. आज तुम्ही सलग दोन तास पुस्तकासमोर बसू शकता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दिवसभर बैठकांत आणि ई-मेलांत विखुरलेले लक्ष रात्री नऊ वाजता एका उताऱ्यावर आणताना किती ओढाताण होते, हे पहिल्या प्रश्नाच्या पत्रलेखकाला विचारावे. दुसरे कारण असे, की काही संस्था शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आधी प्रवेश देऊन नंतर रुजू होण्याची मुभा देतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलची ‘टू प्लस टू’ ही त्यांतली सर्वांत परिचित योजना. तीत निवड झाल्यावर किमान २ आणि कमाल ४ वर्षे नोकरी करून वर्गात यायचे असते. असा अर्ज करण्याचा विचार असेल तर ‘आता की नंतर’ हा प्रश्नच राहत नाही, कारण या योजनांच्या अंतिम तारखा बहुधा शेवटच्या वर्षाच्या उत्तरार्धात, एप्रिलच्या आसपास येतात.

मात्र पदवीच्या अंतिम परीक्षेच्या महिन्यात ही परीक्षा घुसडू नका. पदवीचे गुणही अर्जासोबत जातात आणि ते दुसऱ्यांदा मिळवता येत नाहीत. आणि व्यवस्थापन शिकायचे की आपल्याच विषयात पुढे जायचे हेच अजून ठरले नसेल, तर केवळ मैत्रिणींनी तारखा घेतल्या म्हणून घेऊ नये.

प्रश्न : माझ्या मुलाने या परीक्षेची तारीख ३ वेळा पुढे ढकलली आहे. विचारले की चिडतो. आम्ही पालकांनी त्याला तारीख ठरवून द्यावी का?

ठरवून देऊ नये. ज्या मुलाला उद्या शेकडो माणसांचे निर्णय घ्यायचे आहेत, त्याला हा एक निर्णय स्वतः घेऊ द्यावा. एक मात्र करता येईल. ‘परीक्षा कधी देणार?’ असे विचारण्याऐवजी ‘मागची सराव चाचणी कधी दिलीस?’ असे विचारा, आणि गुण विचारू नका. उत्तर गेल्या पंधरवड्यातले असेल, तर तो काहीतरी मोजून तारीख पुढे नेत आहे आणि त्याच्या चिडण्याकडे दुर्लक्ष करावे. उत्तर अडीच महिन्यांपूर्वीचे असेल, तर तो परीक्षेला घाबरून सराव टाळत आहे आणि सराव टाळल्यामुळे आणखी घाबरत आहे. अशा वेळी त्याला तारखेपेक्षा एका सुट्टीच्या दिवशीची तीन तासांची शांतता आणि बंद दार अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : परीक्षा १२ दिवसांवर आली आहे. माझे लक्ष्य ६५५ आहे. गेल्या ४ सराव चाचण्यांत ५७५, ६०५, ५९५ आणि ६०५ असे गुण मिळाले. डेटा इनसाइट्सचे शेवटचे ४-५ प्रश्न दर वेळी अंदाजाने टिचकवतो. तारीख पुढे ढकलावी का? अर्ज दुसऱ्या फेरीत करायचा आहे, म्हणजे हाताशी अजून ४ महिने आहेत.

पुढे ढकलावी, पण एकदाच, आणि किती दिवसांनी व कशासाठी हे कागदावर लिहून.

तुमच्या चार आकड्यांची सरासरी ५९५ आहे. पहिल्या चाचणीकडून दुसरीकडे जाताना ३० गुणांची उडी दिसते, परंतु तिच्यावर विसंबू नये. ज्याची तयारी जशीच्या तशी आहे अशा माणसाचेही गुण एवढे खालीवर होतात. खरी गोष्ट अशी, की तुम्ही ६०० च्या आसपास स्थिरावलेले आहात आणि लक्ष्य ६० गुण दूर आहे. परीक्षेच्या दिवशी अंगात बळ येते आणि गुण वाढतात अशी एक समजूत उमेदवारांमध्ये आहे. ती खरी ठरल्याची उदाहरणे मोठ्या आवाजात सांगितली जातात आणि खोटी ठरल्याची कोणी सांगत नाही.

तुमच्या पत्रात सर्वांत मोलाचे वाक्य डेटा इनसाइट्सविषयीचे आहे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिले आहे. २० प्रश्न आणि ४५ मिनिटे, म्हणजे प्रत्येकी सव्वादोन मिनिटे. ४-५ प्रश्न अंदाजाने जातात याचा अर्थ विषय येत नाही असा नाही. आधीच्या १५ प्रश्नांवर तुम्ही जवळजवळ सगळा वेळ उधळता, असा आहे. या परीक्षेत प्रत्येक पुढचा प्रश्न तुमच्या आधीच्या उत्तरांवरून निवडला जातो, आणि विभाग अपुरा राहिला तर त्याचा दंड गुणांत बसतो, म्हणून शेवटी काहीतरी टिचकवण्याची तुमची कृती बरोबरच आहे. चूक सहाव्या-सातव्या प्रश्नाजवळ होत असणार. दोन-तीन तक्ते एकत्र वाचायचे असतात, एक आकडा जुळत नाही, आणि ‘आता इतका वेळ घातलाच आहे तर’ म्हणून तुम्ही चौथ्या मिनिटापर्यंत तेथेच बसता. शिवाय या विभागात पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, आणि जेथे अदमासाने भागते तेथेही तो उघडण्याचा मोह होतो.

तेव्हा पुढचे ३ आठवडे नवे काही वाचू नका. जुन्या चारही चाचण्यांची नोंद समोर घ्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे लागलेला वेळ लिहा. तीन मिनिटांहून अधिक वेळ खाऊनही चुकलेले प्रश्न वेगळे काढा. साठ गुणांचा बराच मोठा हिस्सा तेथेच सापडेल, असा आमचा अनुभव आहे. त्यानंतर २०-२० प्रश्नांचे संच घड्याळ लावून सोडवा आणि पाचव्या, दहाव्या व पंधराव्या प्रश्नाला घड्याळात किती मिनिटे उरली पाहिजेत हे आधी ठरवा : साधारण ३४, साडेबावीस आणि ११. उशीर झालेला दिसला की पुढचा अवघड वाटणारा प्रश्न खूण करून, उत्तर ठोकून सोडून द्यायचा. विभागाच्या शेवटी परत येऊन ३ उत्तरांपर्यंत बदल करता येतो, ही सोय नव्या रूपात मिळालेली आहे; पण ती ज्याच्याकडे शेवटी दोन-तीन मिनिटे उरतात त्याच्यासाठीच सोय आहे. विभागांचा क्रमही तुम्हाला ठरवता येतो, तेव्हा डेटा इनसाइट्स शेवटी ठेवत असाल तर एकदा ते आधी घेऊन पाहा.

नवी तारीख आजपासून ५-६ आठवड्यांनी घ्या. तिच्या आठवडाभर आधीच्या चाचणीत ६३५ च्या पुढे गेलात तर निर्धास्त जा. गेला नाहीत तरी जा, कारण दुसऱ्या फेरीपूर्वी आणखी एका प्रयत्नाला तुमच्याकडे वेळ उरतो, १२ महिन्यांत ५ प्रयत्न करता येतात, आणि गुण पाहिल्यानंतर ते कोणत्या संस्थेला पाठवायचे हे तुम्हीच ठरवता. तारीख पुन्हा ढकलण्यापेक्षा ६२५ चा एक खरा निकाल हाती असणे केव्हाही चांगले.

जाता जाता एक शंका. त्या चारही चाचण्या तुम्ही एका बैठकीत दिल्या होत्या ना? मध्येच फोन घेऊन, विभागांमध्ये तासाभराची विश्रांती घेऊन दिलेल्या चाचणीचे ६०५ हे ६०५ नसतात.

प्रश्न : जीमॅटचा अभ्यास २ महिने केला. आता जीआरई सोपी वाटू लागली आहे. अर्जाला ७ आठवडे उरले आहेत. बदल करावा का?

७ आठवड्यांत नको. बहुतेक संस्था दोन्ही परीक्षा सारख्याच मानतात हे खरे, आणि सप्टेंबर २०२३ पासून जीआरई दोन तासांच्या आत संपते हेही खरे. परंतु तिच्यात शब्दसंग्रहाला मोठे वजन आहे, भूमिती आहे, एक निबंध आहे, आणि दोन प्रयत्नांत २१ दिवसांचे अंतर ठेवावे लागते. हे गणित मांडले तर तुमच्याकडे धड एका प्रयत्नाचाच वेळ उरतो. व्यवस्थापनाखेरीज दुसऱ्या एखाद्या विषयातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठीही अर्ज करणार असाल तर जीआरईचा विचार योग्य ठरतो. तसे असल्यास ही फेरी सोडून पुढची धरा.

प्रश्न : जुन्या पद्धतीच्या जीमॅटमध्ये मला ७०० गुण होते. मुदत संपायला ४ महिने उरले आहेत. ते वापरावेत की नव्याने परीक्षा द्यावी?

४ महिन्यांच्या आत अर्ज जाणार असेल तर वापरावेत. त्यापूर्वी प्रत्येक संस्थेचे प्रवेशनियम उघडून पाहा, कारण गुण अर्जाच्या दिवशी ग्राह्य असावे लागतात की प्रवेशाच्या दिवशी, हे प्रत्येक ठिकाणी सारखेच असेल असे गृहीत धरू नये. जुनी गुणश्रेणी २०० ते ८०० होती आणि तिचे गुण शून्याने संपत. नवी २०५ ते ८०५ आहे आणि तिचे गुण ५ ने संपतात, त्यामुळे कोणते गुण कोणत्या परीक्षेचे हे ओळखायला प्रवेश समितीला अडचण येत नाही. जुने ७०० हे नव्या श्रेणीत साधारण ६४५ च्या बरोबरीचे मानले जातात. म्हणून एखाद्या संस्थेच्या नव्या वर्गाचे गुण ६४५ च्या आसपास दिसले तर ते तुमच्यापेक्षा कमी आहेत असा आनंद मानू नका, आणि नव्याने परीक्षा देऊन ६५५ आले तर गुण घसरले असे समजून रडूही नका.

प्रश्न : परीक्षा सकाळी द्यावी की दुपारी?

शेवटच्या ३ सराव चाचण्या ज्या वेळी दिल्या असतील त्या वेळी. सकाळची वेळ मिळाली आणि सराव रात्री केला असेल, तर उरलेल्या चाचण्या सकाळी द्या. जीमॅटच्या परीक्षाकेंद्रावर कच्च्या कामासाठी कोरा कागद मिळत नाही. पुसता येणारी पाने आणि मार्कर मिळतो. सरावातही तेच वापरा. वहीच्या चौकटीत बारीक अक्षरात समीकरणे मांडण्याची सवय असलेल्यांना जाड टोकाच्या मार्करने पहिली दहा मिनिटे फार जड जातात.